प्रमोदिनीबाईंचं मौन आणि सायलेन्सरचा पाईप

देवासच्या आमच्या गल्लीत प्रमोदिनीबाई सबनीसांना सगळे 'आकाशवाणी' म्हणायचे. हे नाव मी ठेवलेलं. मागच्या घरचे जगदेवराव ते आपण ठेवलं म्हणून सांगत फिरतात, पण जगदेवराव स्वतःच्या नातवंडांची नावंसुद्धा दहा जणांना विचारून ठेवतात. ते असो.

बाई सकाळी दूधवाल्यापासून सुरू व्हायच्या आणि रात्री फाटकाला कडी लागेपर्यंत चालू राहायच्या. त्यात एक खोड न्यारीच. समोरचा जे काही बोलेल ते त्या लगेच दुसऱ्यांदा, मोठ्यानं, नवऱ्याला ऐकवणार. मी ओट्यावर बसून म्हणावं, "बापू, आज नळ गेला का हो लवकर?" की बाई आतून हात पुसत यायच्या, "अहो, तुकोजीभाऊजी विचारतायत, नळ लवकर गेला का म्हणून!" जणू बापू टोंकखुर्दला बसलेत आणि मी देवासला. मग बापू मान हलवून म्हणायचे, "हो, गेला." झालं. त्यापलीकडे बापूंचा आवाज आम्ही फारसा ऐकला नाही. बायको तोंड उघडू देत नाही बिचाऱ्याला, असं गल्लीचं ठाम मत होतं, आणि ते ठाम राहील याची मी काळजी घेत होतो.

बापू म्हणजे भगवंतराव. सबनीस मूळचे धारचे. पूर्वजांनी संस्थानात दप्तरं सांभाळली. संस्थान गेलं, दप्तरं गेली, आणि घरात उरले ते गौरींचे पितळी मुखवटे, एकच जोड. थोरले भाऊ धारलाच राहिले. बापू देवासच्या एका कारखान्यात भांडारावर लागले आणि इथलेच झाले. दोन भाऊ, दोन गावं, मुखवटे मात्र एकच जोड. मग असं ठरलं की एक वर्ष गौरी धारला बसतील, एक वर्ष देवासला. इथल्या माणसांना अशी वाटणी नवी नाही. आमचं देवास स्वतःच दोन भावांच्या दोन पात्यांत, म्हणजे दोन राज्यांत, वाटलेलं गाव.

सबनीसांकडे गौर आणायची रीत अशी. सुनेनं तळ्याकाठी जाऊन खडे वेचायचे, ते मुखवट्यांबरोबर ताम्हणात ठेवायचे, आणि घराचा उंबरा ओलांडेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. धारला तळं घरापासून हाकेच्या अंतरावर, तेव्हा मौन म्हणजे सुपारी चघळण्याइतका वेळ. पण बापू देवासला आल्यावर प्रश्न पडला, की आता धारचे खडे देवासला न्यायचे तर मौन कुठपर्यंत? बापूंच्या आई खमक्या. म्हणाल्या, "उंबरा देवासला आहे ना? मग देवासपर्यंत." धार ते देवास तीन तास! म्हातारीनं हा निकाल धर्म बघून दिला की सून बघून, याबद्दल माझं स्वतःचं मत आहे, पण ती माउली आता नाही, तेव्हा राहू द्या. बाईंनी मात्र तो नियम कधी मोडला नाही. वर्षाआड एकदा आकाशवाणी बंद पडायची, आणि ते बघायला आम्ही फाटकात उभे राहायचो.

आता गाडीबद्दल. बापूंनी पंच्याण्णव साली एक लहानशी टोमॅटोच्या रंगाची जुनी गाडी घेतली. गल्लीतली पहिली. आम्ही इथले भिया लोक, म्हणजे भाऊमंडळी, स्कूटरला किका मारत असायचो तेव्हा बापू काच खाली करून कोपर बाहेर काढायचे. दोन हजार चार साल येईपर्यंत टोमॅटो पार पिकला होता. दारं करकरायची, पायाखालच्या पत्र्याला गंजानं भोक पडलं होतं, त्यावर रबराची चटई. पण गाडी हातात आहे तोवर देवास आहे, असं बापूंनी मनाशी धरलेलं. कारण पुण्याला त्यांचा मुलगा प्रणव. तो प्रत्येक फोनला एकच सांगायचा, "आई, आता पुरे झालं. बाबांकडून एक चूक झाली गाडी चालवताना, की गाडी विकायची आणि इकडे यायचं. सातव्या मजल्यावर छान हवा येते." बाई फोन ठेवून आम्हाला सांगायच्या, "हवा म्हणे! हवा खायला काय आम्ही पतंग आहोत?"

त्या वर्षी श्रावणात मी बघितलं तर बापू गाडीखाली आडवे. सायलेन्सरच्या पाईपात इंजिनाजवळ एक जाळीचा लवचिक तुकडा असतो. इंजिन थरथरणार, बाकीचा पाईप गाडीच्या पोटाला टांगलेला, आणि दोघांच्या ओढाताणीत मधला हा तुकडा वाकून घेतो, म्हणून काही तुटत नाही. संसारात असा एक माणूस प्रत्येक घरी असतो. तर त्या जाळीला चीर पडून काजळी बाहेर आलेली बापूंना दिसली होती. त्यांनी तुपाच्या डब्याचा पत्रा कापून त्याभोवती गुंडाळला, दोन पट्ट्या आवळल्या आणि उठून हात झटकले.

मी म्हटलं, "बापू, अजून फुरफुरतंय हो. मिस्त्रीकडे न्या." बापू माझ्याकडे बघून हसले. बाई घाईनं म्हणाल्या, "असू द्या हो भाऊजी, गौरी झाल्या की बघू." नेहमीसारखं त्यांनी माझं बोलणं नवऱ्याला पुन्हा ऐकवलं नाही. मला तेव्हाच खटकायला हवं होतं. एवढी मुरलेली माणसं आम्ही, पण खटकलं नाही.

भाद्रपदात पाळी देवासची. मला बरोबर घेतलं ते घंटा वाजवायला. गौर निघताना आणि पोचताना घंटा लागते, आणि धारच्या वासंतीवहिनी, म्हणजे बापूंच्या थोरल्या भावजय, पुरणपोळी अशी करतात की मी घंटाच काय, नगारासुद्धा डोक्यावर घेऊन गेलो असतो. जेवलो. तळ्यावर गेलो. बाईंनी खडे वेचले, मुखवटे ताम्हणात ठेवले, वर रेशमी फडकं घातलं आणि ओठ मिटले. पुढे बापूंच्या डाव्या हाताला त्या, मांडीवर ताम्हण. मागे मी, घंटा आणि वासंतीवहिनींनी बांधून दिलेली शिदोरी. पावसाची झड लागलेली, त्यामुळे चारही काचा बंद. मुखवट्यांचं कुंकू ओघळता कामा नये.

बेटम्याच्या आसपास रस्त्यात एक खड्डा होता. त्याला खड्डा म्हणणं म्हणजे त्याचा अपमान, विहीरच म्हणा. गाडी धाडकन आपटली, खाली काहीतरी तुटलं, आणि तिथून पुढे गाडीनं असा आवाज धरला की ट्रॅक्टरानं लाजावं.

"बापू, गेलं सायलेन्सर!" मी ओरडलो.

बापू आरामात स्टिअरिंगच्या चाकावर बोटं वाजवत होते.

"बापू! अहो, पत्रा निखळला तुमचा!"

काही नाही. मला वाटलं, तुपाच्या डब्याची अब्रू गेली म्हणून रुसले असतील. बाईंनी मान वळवून बापूंकडे बघितलं, मग हातानं खाली, इंजिनाकडे खूण केली. बापूंना वाटलं, पायाला गार लागतंय. त्यांनी वाकून चटई सारखी केली. बाईंनी नाकाला पदर लावला आणि दुसऱ्या हातानं वास येतोय अशी खूण केली. बापू म्हणाले, "हो हो, केवड्याचा. वहिनींनी घातलाय." बाईंनी काच खाली करायला हँडल धरलं, तर पावसाचा सपकारा आत आला आणि बापूंनी हात लांबवून ती काच पुन्हा वर चढवली. "कुंकू भिजेल की!"

मला म्हणाल तर वास बिस काही आला नाही. गेली कित्येक वर्षं मी तपकीर ओढतो. माझं नाक फक्त चष्मा टेकवायला उरलंय. मला नुसत्या जांभया येत होत्या, आणि त्या मी पुरणपोळीच्या नावे लिहिल्या. पुढे बापूही जांभई देऊ लागले. इंदूर बाहेरून टाकून आम्ही क्षिप्रेच्या रस्त्याला लागलो तेव्हा गाडीत अशी गत होती, की एकाला कान नव्हता, एकाला नाक नव्हतं, आणि जिला दोन्ही होतं तिला तोंड नव्हतं.

मागून एक ट्रक हॉर्न देत आला. लांबलचक, कानठळ्या बसवणारा हॉर्न. कुणीही माणूस आपसूक बाजू देईल. बापू रस्त्याच्या मधोमध, डोळे अर्धे मिटलेले, आणि गाडी हळूहळू आणखी उजवीकडे सरकत चाललेली. ट्रकवाल्यानं बाजूनं घालायला सुरुवात केली. आणि बाई ताम्हण छातीशी धरून वाकल्या, नवऱ्याच्या डाव्या कानाला तोंड भिडवलं आणि ओरडल्या:

"अहो, डावीकडे! डावीकडे घ्या! थांबवा गाडी!"

बापूंनी गर्रकन चाक फिरवलं. ट्रक शिवी देत निघून गेला. आम्ही चिखलात, बाभळीखाली. बाईंनी धडाधड दारं उघडली, मला दंडाला धरून बाहेर ओढलं. पावसात उभं राहिल्यावर कळलं की माझं डोकं किती गरगरत होतं. बापू चाकावर डोकं टेकून बसले होते. त्यांनाही बाईंनीच उतरवलं. फाटलेल्या पाईपातला धूर चटईखालच्या भोकातून इतका वेळ आत येत होता, आणि आम्ही काचा लावून तो नीट सांभाळून नेत होतो.

श्वास जागेवर आल्यावर मी हळूच म्हणालो, "वहिनी, तुम्ही बोललात."

"बोलले." त्यांनी ताम्हणावरचं फडकं नीट केलं. मुखवटे जागच्या जागी होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भाऊजी, यांना ऐकू येत नाही."

बापू चार पावलांवर उभे होते. पाठ आमच्याकडे. त्यांना काही कळलं नाही.

"उजवा कान केव्हाच गेला. डाव्याचं थोडं थोडं चालत होतं, ते या वर्षी आटोपलं. कानाला तोंड लावलं तर येतं. नाहीतर ओठ बघून समजून घेतात. गल्लीतल्या माणसांचे ओठ यांना पाठ आहेत. तुमचेसुद्धा. तुम्ही बोलायच्या आधीच हसायला लागता, म्हणून तुमचे सगळ्यात सोपे." त्यांनी डोळे पुसले. "तिकडे सातव्या मजल्यावर कुणाचे ओठ वाचतील हे? प्रणवला कळलं तर तो उद्या गाडी विकेल आणि परवा आम्हाला घेऊन जाईल. आणि आता तुम्हाला कळलं. म्हणजे गल्लीला कळलंच."

मी तपकिरीची डबी काढली आणि न उघडता परत ठेवली. इतकी वर्षं ही बाई नळाचं, दुधाचं, ट्रकचं, म्हशीचं, सगळं दोनदा का सांगते, आणि बापूंना ऐकूच न आलेली गाडीची फुरफुर तिनं तेवढी का दडवली, ते माझ्या डोक्यात एकेक करून बसत गेलं. गाडीत ती नवऱ्याच्या डाव्या हाताला बसून सारखी बडबडते, ते आम्हाला ठाऊक होतं. ती बडबड म्हणजे त्या गाडीचा हॉर्न, आरसा आणि निम्मा ब्रेक होता, हे कुणाला ठाऊक? आणि आज देवीसाठी ती गप्प बसली होती.

मी विचारलं, "आता गौरीचं?"

बाईंनी इकडे तिकडे बघितलं. पुढे क्षिप्रेचा पूल दिसत होता. म्हणाल्या, "पाणी आहे ना समोर." पदर खोचला, पुलाखाली उतरल्या, धारचे खडे नदीत सोडले, क्षिप्रेतले नवे वेचले, आणि माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. मौन पुन्हा सुरू. बोट त्यांनी स्वतःच्या ओठांवर ठेवलं होतं, पण नजर माझ्या तोंडावर होती.

गाडीत पुन्हा बसायचा प्रश्नच नव्हता. पुलाजवळ गोवर्धन मिस्त्रीचं वर्कशॉप होतं, तिथे ती ढकलत नेली. आणि त्या वर्षी सबनीसांच्या गौरी टेम्पोतून आल्या, दोन कोथिंबिरीच्या जुड्या आणि एक शिंगं बांधलेली शेळी यांच्या संगतीनं. मी घंटा वाजवत उतरलो तेव्हा फाटकात सगळी गल्ली उभी. "क्यों भिया, टेम्पो से? गाडी कुठे?" जगदेवरावांनी तर मला कोपऱ्यात घेतलं. मी म्हणालो, "पाईप फाटला." एवढंच. तीन दिवस गौरी होत्या आणि तीन दिवस माझ्या पोटात ही बातमी उड्या मारत होती. तशी बातमी मला आयुष्यात दुसरी मिळाली नव्हती. पण बाई प्रसाद देताना दर वेळी मला करंजी जास्त वाढत होत्या, आणि ती करंजी फार जड जात होती.

विसर्जन झालं आणि आम्ही तिघं क्षिप्रेला गेलो. गोवर्धननं गाडी वर उचलून ठेवली होती. गंजलेले नटबोल्ट डिझेलात भिजवून, ठोकून, शेवटी करवतीनं कापून त्यानं तो तुकडा काढला. तारांची जाळी जुन्या वेणीसारखी उसवलेली, आणि तिच्याभोवती तुपाच्या डब्यावरचं गाईचं चित्र.

"अरे बाप रे, ये गाय किसने बांधी?" गोवर्धन हसत सुटला.

"अहो, विचारतायत, गाय कुणी बांधली!" बाई बापूंच्या कानाशी.

"मी," बापू म्हणाले. "दूध नाही दिलं तिनं."

गोवर्धननं पहिला पाईप आणला तो वीतभर लांब निघाला. मग माणूस देवासला धावला, दुसरा आला. तो नीट सरळ बसवून दोन्ही बाजूंनी झाळला. मग इंजिन हलवून बघितलं, तर इंजिनाला धरून ठेवणारं एक रबर फाटलेलं. "ये नहीं बदला तो नया भी दिवाली तक गया समझो," तो म्हणाला, म्हणून तेही बदललं. पायाखालचं भोक पत्रा लावून बुजवलं. कुठून धूर निसटतोय का ते बघायचं तर बाईंनी पर्समधून उदबत्ती काढली. इंजिन सुरू करून जोडाजवळ उदबत्ती धरली, सगळीकडून फिरवली. धूर सरळ वर जात राहिला. कुठेच हलला नाही. गोवर्धननं हात जोडले, "काकीजी, आरती भी कर दो."

मग त्यानं गाडी खाली घेतली, आत बसून ॲक्सिलरेटरवर पाय देऊन इंजिन दोनदा चढवलं-उतरवलं, आणि ते चालू ठेवून बापूंसमोर येऊन उभा राहिला. "सुनो बापूजी. अब बताओ, कैसी आवाज है?"

बाकावर दोन ट्रकवाले चहा पीत होते. पीपलरावां गावचा एक शेतकरी ट्रॅक्टरसाठी थांबला होता. सगळ्यांचं लक्ष इकडे. गोवर्धनचं तोंड विड्यानं भरलेलं, बापूंना ओठ वाचता येईनात. ते बाईंकडे वळले, नेहमीसारखे. आता बाई सांगतील, 'अहो, आवाज कसा आहे विचारतायत, छान म्हणा!'

बाईंनी तोंड उघडलं. आणि मिटलं. उदबत्ती हातात तशीच धरून त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या. ना गौर होती, ना नियम होता. पण असं गप्प राहायला त्यांना त्या तीन तासांपेक्षा जड गेलं असेल. त्यांच्या हनुवटीवरून मला ते दिसत होतं.

बापू थांबले. बाईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग गोवर्धनला म्हणाले, "भिया, मेरे को सुनाई नहीं देता."

गोवर्धननं विडा थुंकला आणि सावकाश, तोंड उघडून म्हणाला, "तो हाथ रखो." बापूंनी बॉनेटवर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला.

"निवांत आहे," ते म्हणाले.

परत येताना देवासच्या टॅक्सीवाल्याला चाकावर बसवलं. संध्याकाळी बापूंनी स्वतः प्रणवला फोन लावला. काय बोलले ते सांगतो, कारण मी ओट्यावरच होतो आणि बापू फार मोठ्यानं बोलतात. "मला ऐकू येत नाही. गाडी मी चालवणार नाही. पण विकणारही नाही. आणि तू काय म्हणतोस ते मला ऐकू येत नाहीये, तेव्हा ठेवतो." प्रणव त्या आठवड्यात आला. भांडण झालं, कानाचं यंत्र आलं, ते बापूंनी महिनाभर लावलं आणि कपाटात ठेवलं. पुण्याचं मात्र मागे पडलं. कारण तोवर प्रमोदिनीबाईंनी गोवर्धनच्या वर्कशॉपमागच्या मोकळ्या जागेत चाक हातात घेतलं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी ड्रम उडवला, दुसऱ्या दिवशी तोच ड्रम पुन्हा उडवला. पण शिकल्या.

माझं मात्र नुकसान झालं. एवढी बातमी पोटात जपली, आणि बापूंनी ती चार परक्या माणसांसमोर फुकट सांगून टाकली.

दोन वर्षांनी गौरी पुन्हा देवासच्या. बाई चाकावर, म्हणून ताम्हण बापूंच्या मांडीवर. वासंतीवहिनींनी बापूंकडे बघत विचारलं, "भाऊजी मौन पाळतील का?" बाई म्हणाल्या, "त्यांना सवय आहे." तसे आम्ही धारहून निघालो. मौन बापूंनी पाळलं. बाई मात्र पूर्ण वाट बोलत होत्या, ट्रक, म्हैस, खड्डा, सगळं, पुढे बघत, सवयीनं. बेटम्याला खड्डा तसाच होता. बाईंनी तो अलगद टाळला. बापूंनी एक हात ताम्हणाला धरला होता, दुसरा डॅशबोर्डवर पालथा ठेवला होता, आणि क्षिप्रेपर्यंत त्यांनी तो उचलला नाही.